मक्याच्या शेतातील संशोधिका

श्रावणातल्या सरी कोसळत असाव्यात, रस्त्याच्या कडेला शेगडीवर मक्याची कणसे भाजली जात असावीत, आणि तिखटमीठ व लिंबू चोळलेले गरम कणीस हाती पडावे, हा आनंद आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवलेला आहे. आपल्या ओळखीच्या कणसाचे दाणे पांढरे किंवा पिवळे असतात. परंतु मका हे मूळचे अमेरिका खंडातील पीक. तेथे मक्याच्या अशा जाती आहेत, की ज्यांच्या एकाच कणसावर जांभळे, तांबडे, पिवळे व पांढरे दाणे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. कधी कधी तर एखाद्या पांढऱ्या दाण्यावर जांभळ्या रंगाचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके पडलेले असतात. पाहणारा क्षणभर कौतुक करतो आणि कणीस खाली ठेवतो. हेच ठिपके एखाद्या ग्रंथाच्या अक्षरांप्रमाणे वाचीत बसण्यात एका स्त्रीने आपले सारे आयुष्य वेचले, आणि सजीवांच्या पेशीत चालणारे एक गूढ त्यातून उकलले. त्या स्त्रीचे नाव बार्बारा मॅक्लिंटॉक.

बार्बाराचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात हार्टफर्ड या गावी झाला. तिचे वडील होमिओपॅथीचे डॉक्टर होते. चार भावंडांत ही तिसरी. जन्मल्यावर तिचे नाव एलिनॉर असे ठेवले होते. परंतु हे नाव फार नाजूक आहे, या मुलीच्या धीट स्वभावाला ते शोभत नाही, असे वाटून आईवडिलांनी ते बदलले व बार्बारा हे नाव दिले. १९०८ साली हे कुटुंब न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात राहावयास आले.

ही मुलगी मोठी विलक्षण होती. कधी ती एकटीच पुस्तक घेऊन, तर कधी नुसतीच विचार करीत तासन्‌तास बसून राही. खेळावयास निघाली म्हणजे मात्र मुलांच्या बरोबरीने झाडावर चढे आणि चेंडूफळीसारखा बेसबॉलचा खेळ खेळे. एकदा शेजारच्या एका बाईंनी तिला बोलावून घेतले आणि मुलीच्या जातीने काय काय शिकावे, हे शिकविण्याची तयारी दाखविली. बार्बारा काही न बोलता घरी परतली व घडला प्रकार तिने आईला सांगितला. आईने तत्काळ दूरध्वनी करून त्या बाईंना बजावले, की आपण आमच्या मुलीच्या बाबतीत पुन्हा लक्ष घालू नये.

पण याच आईने पुढे मुलीच्या महाविद्यालयात जाण्याला कसून विरोध केला! फार शिकलेल्या मुलीचे लग्न जमणार नाही, अशी तिला धास्ती वाटत होती. ही धास्ती केवळ आपल्याकडील आयांनाच वाटत असे, असे समजण्याचे कारण नाही. त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते, आणि वडील सैन्यातील डॉक्टर म्हणून युरोपात गेलेले होते. घरात पैशाचीही ओढाताण होती. बार्बाराने वाद घातला नाही. लोकांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका कचेरीत ती दिवसभर काम करू लागली आणि संध्याकाळी सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन स्वतःच अभ्यास करू लागली. महाविद्यालयात जे शिकावयाचे ते आपण असे शिकू, असा तिचा निश्चय होता. युद्ध संपून वडील परत आले, त्यांनी मुलीची बाजू घेतली, आणि १९१९ साली बार्बारा इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषिमहाविद्यालयात दाखल झाली.

तेथील दिवस तिने मोठ्या आनंदात घालविले. संगीताच्या एका ताफ्यात ती बँजो वाजवीत असे. मात्र एकदा का अभ्यासात मन गुंतले, म्हणजे तिला स्वतःचाही विसर पडे. भूगर्भशास्त्र हा तिचा अत्यंत आवडता विषय. त्याच्या परीक्षेत तिने मोठ्या उत्साहाने सारी उत्तरे लिहून काढली, आणि शेवटी उत्तरपत्रिकेवर नाव घालू लागली, तो नावच आठवेना! दुसऱ्या कोणाला विचारावे तर हसे होणार. वीस मिनिटे ती तशीच बसून राहिली. मग कोठे नाव आठवले. प्रस्तुत लेखकाने तीस-पस्तीस वर्षे परीक्षागृहांतून फेऱ्या घातल्या आहेत. उत्तरे विसरणारे विद्यार्थी त्याने पुष्कळ पाहिले, पण उत्तरे लिहिण्याच्या नादात आपले नाव विसरलेला एकही त्याच्या पाहण्यात नाही.

१९२१ साली तिने आनुवंशिकतेचा एक अभ्यासक्रम पुरा केला. आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात, याचा विचार करणारे हे शास्त्र तेव्हा नवीन होते आणि त्याकडे वळणारे विद्यार्थी मोजकेच होते. तिची समज पाहून हचिसन नावाच्या प्राध्यापकांनी दूरध्वनी केला, आणि वरच्या वर्गासाठी असलेल्या पुढील अभ्यासक्रमास येण्याचे तिला निमंत्रण दिले. त्या एका निमंत्रणाने तिच्या आयुष्याची दिशा ठरली. १९२३ साली ती पदवीधर झाली आणि १९२७ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी तिने डॉक्टर ही पदवी मिळविली.

आता मॅक्लिंटॉकबाईंचे काम समजण्यासाठी आपल्याला थोडे आत, म्हणजे पेशीच्या आत, डोकवावे लागेल. झाड असो वा माणूस, प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते, आणि बहुतेक पेशींच्या मध्यभागी असलेल्या केंद्रकात दोऱ्यासारखी सूक्ष्म सूत्रे असतात. त्यांना गुणसूत्रे असे म्हणतात. पान कसे असावे, दाण्याचा रंग कोणता असावा, यांसारखे हजारो गुण या सूत्रांवर एका माळेत ओवल्याप्रमाणे रचलेले असतात. त्या एकेका मण्याला जनुक हे नाव आहे. गुणसूत्रातील जो धागा हे सारे धारण करतो, तो डीएनए नावाच्या द्रव्याचा असतो. एका पेशीच्या दोन पेशी व्हावयाच्या असल्या, म्हणजे प्रथम या प्रत्येक सूत्राची हुबेहूब नक्कल तयार व्हावी लागते. मग त्या दोन सारख्या प्रतींपैकी एक एका पेशीकडे आणि एक दुसरीकडे, अशी वाटणी होते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, आणि त्यांच्या धाग्यावर रसायनांची सुमारे ६०० कोटी अक्षरे असतात. एवढी पोथी पेशी सुमारे आठ तासांत उतरवून काढते.

मॅक्लिंटॉकबाईंच्या तरुणपणी यांतील फारच थोडे ठाऊक होते. डीएनए हाच आनुवंशिकतेचा धारक आहे, याचा भक्कम पुरावा १९४४ साली मिळाला, आणि त्याची रचना १९५३ साली उलगडली. मक्याला गुणसूत्रे आहेत हे माहीत होते. पण कोणते कोणते हे ओळखणे कोणालाही साधले नव्हते. बाईंनी परागकण तयार करणाऱ्या पेशी रंगात बुडवून काचेवर हलक्या हाताने दाबल्या, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरल्या आणि प्रत्येक गुणसूत्राची लांबी, त्यावरील गाठी व त्याची ठेवण टिपून घेतली. मक्याची दहाही गुणसूत्रे त्यांनी एकेक करून ओळखली व १९२९ साली ते प्रसिद्ध केले. एखाद्या शिक्षकाने नव्या वर्गातील सारी मुले पाठमोरी पाहूनही नावानिशी ओळखावीत, तशी ती सूत्रे त्या ओळखू लागल्या. पुढे १९३१ साली त्यांनी व त्यांच्या विद्यार्थिनी हॅरिएट क्रायटन यांनी सिद्ध केले, की दोन गुणसूत्रे आपले तुकडे परस्परांत बदलतात तेव्हाच त्यांच्यावरील गुणांचीही अदलाबदल होते. या शोधाने त्यांचे नाव शास्त्रज्ञांच्या जगात सर्वतोमुखी झाले.

हे काम केवळ यंत्रापाशी बसून होत नसे. वसंतात बी पेरावयाचे, रोपांना पाणी घालावयाचे, एका झाडाचा पराग भलत्या झाडावर पडू नये म्हणून प्रत्येक कणसाला पिशवी बांधावयाची, ठरलेल्या झाडाचा पराग हाताने आणून ठरलेल्या कणसावर टाकावयाचा, आणि शरद ऋतूत प्रत्येक कणीस नोंद करून ठेवावयाचे. वर्षातून एकच पीक. एखादा प्रयोग फसला, तर तो पुन्हा करण्यासाठी पुढल्या वर्षीची वाट पाहावयाची. बाई आपल्या शेतातील प्रत्येक झाड जातीने पाहत.

१९३१ च्या उन्हाळ्यात मिसूरी विद्यापीठातील स्टॅडलर नावाच्या संशोधकांनी त्यांना बोलावून घेतले. स्टॅडलर हे मक्याच्या परागकणांवर क्ष-किरण सोडीत. आपले हाड मोडले की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर वापरतात, तेच हे किरण. परंतु जास्त मात्रेत ते पेशीवर पडले, म्हणजे आतील गुणसूत्रे तुटतात. अशा परागापासून उगवलेली झाडे ठिगळे लावल्यासारखी चित्रविचित्र होत. बाईंनी त्यांच्या पेशी पाहिल्या. सूत्रांचे तुकडे झाले होते, हे तर दिसतच होते. पण त्याहून मोठे आश्चर्य हे, की ते तुकडे तसेच पडून राहिले नव्हते. तुटकी टोके एकमेकांना शोधून पुन्हा जोडली गेली होती. कोठे तुकडा उलटा जोडला होता, कोठे एका सूत्राचा तुकडा दुसऱ्यावर बसला होता, तर कोठे सूत्राची दोन्ही टोके एकत्र येऊन त्याचे कडे झाले होते. पेशी आपली मोडतोड निमूटपणे सोसत नाही, काहीतरी उपाय करते, हे बाईंच्या मनात तेव्हापासून पक्के बसले.

१९३३ साली एक शिष्यवृत्ती मिळून त्या जर्मनीला गेल्या; पण तेथे नुकतीच हिटलरची सत्ता आली होती, ज्यू शास्त्रज्ञांना हाकलून देण्यात येत होते, आणि ज्यांच्याजवळ काम करावयाचे ते संशोधकही देश सोडून गेले होते. खिन्न मनाने त्या मुदतीपूर्वीच परतल्या. १९३६ पासून त्या मिसूरी विद्यापीठात शिकवू लागल्या, आणि येथेच त्यांनी तुटलेल्या सूत्राची सारी कहाणी शोधून काढली. ती नीट लक्षात घेण्यासारखी आहे.

प्रत्येक गुणसूत्राच्या मध्यावर किंवा थोडे बाजूला एक आवळलेली जागा असते. तिला गुणसूत्रबिंदू म्हणतात. पेशी दुभंगताना जणू अदृश्य दोऱ्या येथेच बांधल्या जातात, आणि सूत्राची एक प्रत एकीकडे व दुसरी प्रत दुसरीकडे ओढली जाते. आता समजा, एका सूत्राचे टोक तुटले आहे. तुटले असतानाच त्याची नक्कल होण्याची वेळ आली. नक्कल अर्थात तेवढ्याच तुटक्या सूत्राची होणार. म्हणजे आता दोन तुटकी टोके शेजारी शेजारी आली. पेशी ती दोन्ही टोके एकमेकांस जोडून टाकते. वरवर पाहता दुरुस्ती झाली. परंतु या जोडलेल्या सूत्राला आता एकाऐवजी दोन बिंदू झाले! पेशी दुभंगू लागली, की एक बिंदू एका दिशेस आणि दुसरा विरुद्ध दिशेस ओढला जातो. मधले सूत्र दोन काठांवर टाकलेल्या पुलासारखे ताणले जाते, आणि अखेर रस्सीखेचीतील जीर्ण दोर तुटावा तसे तुटते. ते पूर्वीच्याच जागी तुटेल असे नाही. म्हणून एका पेशीला सूत्राचा जास्त भाग मिळतो, दुसरीला कमी. शिवाय दोघींच्याही वाट्याला पुन्हा तुटके टोक आलेच. पुढच्या खेपेस पुन्हा नक्कल, पुन्हा जोड, पुन्हा पूल, पुन्हा तूट. हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते.

मक्याच्या दाण्यावरील ठिगळांचा अर्थ असा लागला. रंग देणारे जनुक ज्या तुकड्यावर आहे, तो तुकडा एखाद्या पेशीने या ओढाताणीत गमावला, की तिच्यापासून पुढे होणाऱ्या सर्व पेशी रंगहीन होतात. दाणा अगदी लहान असताना हे घडले तर ठिगळ मोठे होते. दाणा भरत आल्यावर घडले तर एवढासा ठिपका उमटतो. म्हणजे ठिपका पाहून सूत्र केव्हा तुटले, हे सांगता येते. १९३८ ते १९४१ या वर्षांत बाईंनी हे सर्व क्रमाक्रमाने मांडले.

त्यातच त्यांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि मला वाटते, त्यांच्या सर्व शोधांत ती अधिक चटका लावणारी आहे. दाण्याचे दोन भाग असतात. एक, ज्यातून नवे रोप उगवते तो भ्रूण. आणि दुसरा, त्या भ्रूणाला पोसण्यासाठी साठविलेला पिठूळ भाग, म्हणजे भ्रूणपोष. तेच तुटके सूत्र दोहोंकडे पोचले, तरी भ्रूणपोषात वर सांगितलेले चक्र चालूच राहते. भ्रूणात मात्र ते थांबते. तेथे तुटलेले टोक बरे होते, जखम भरून यावी तसे, आणि पुन्हा कधी दुसऱ्या टोकाला चिकटत नाही. याचा अर्थ असा, की सूत्राचे अस्सल टोक कोणते आणि मोडून झालेले टोक कोणते, हे पेशीला कळते, आणि मोडक्या टोकाला अस्सल टोकासारखे करण्याची कलाही तिला अवगत असते. दोरीच्या टोकाला गाठ मारली नाही, तर तिचे पदर सुटू लागतात हे आपण पाहतो. गुणसूत्राच्या टोकालाही निसर्गाने अशीच गाठ मारलेली आहे. १९३८ सालीच हर्मन मुलर या शास्त्रज्ञांनी तिला टेलोमिअर हे नाव दिले होते. भ्रूणातील पेशी ही गाठ नव्याने कशी मारते, हे मात्र त्या काळी कोणालाच सांगता येईना.

एवढे काम करूनही मिसूरी येथे बढती मिळण्याची चिन्हे त्यांना दिसेनात. त्यांचे वागणे तेथील काही जणांना रुचत नसे. एका रविवारी त्या प्रयोगशाळेची किल्ली विसरल्या, तेव्हा सरळ भिंतीवर चढून खिडकीतून आत शिरल्या! १९४१ साली त्यांनी ती नोकरी सोडली. हाती दुसरी नोकरी नव्हती. मका लावावयास जमीनही नव्हती. एका जुन्या मित्राने आपला मका न्यूयॉर्कजवळ समुद्रकाठच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधनकेंद्रात लावला होता. तेथे त्या एका उन्हाळ्यापुरत्या गेल्या. पुढे त्यांना तेथेच जागा मिळाली, आणि उरलेले सर्व आयुष्य त्यांनी तेथे काढले. शिकविण्याचे बंधन नाही, आपले शेत आणि आपले यंत्र, एवढे त्यांना पुरेसे होते. १९४४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. हा मान मिळविणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री होत. दुसऱ्याच वर्षी आनुवंशिकताशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या.

१९४४ च्या उन्हाळ्यात त्यांनी दोन्ही आईबापांकडून तुटके नववे गुणसूत्र मिळालेली रोपे वाढविली. त्यांच्या पानांवर व दाण्यांवर असे काही पट्टे नि ठिपके दिसले, की पूर्वीच्या नियमाने त्यांचा उलगडा होईना. काही रोपांत नववे गुणसूत्र नेमके एकाच ठिकाणी वारंवार तुटत होते. त्या जागी जनुकासारखाच काही घटक असला पाहिजे, आणि दुसरा एक घटक हजर असेल तरच तो सूत्र तोडतो, असे त्यांनी ताडले. पण १९४८ साली जे दिसले, त्याने त्या स्वतःही चकित झाल्या. हा तोडणारा घटक आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसला होता! रंगाच्या जनुकात तो जाऊन बसला, की रंग बंद होऊन दाणा पांढरा होई; वाढत्या दाण्यातील एखाद्या पेशीतून तो पुन्हा उठून गेला, की तेवढ्या जागी जांभळा ठिपका उमटे.

जनुके माळेतील मण्यांप्रमाणे आपापल्या जागी कायमची बसलेली असतात, असे त्या काळी सर्व विद्वान मानीत. ती जागा बदलतात, असे म्हणणे म्हणजे घराच्या भिंती रात्रीतून सरकतात असे म्हणण्यासारखे होते. १९५१ साली कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिषदेत बाईंनी आपले सहा वर्षांचे काम विस्ताराने मांडले. सभा स्तब्ध राहिली. कोणाला ते समजले नाही, कोणाला पटले नाही. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मक्यावर काम करणाऱ्या दुसऱ्या काही संशोधकांना लवकरच तसलेच घटक सापडले, त्यामुळे बाईंना अगदी खोटे कोणी ठरविले नाही. परंतु ही मक्याची काहीतरी खोड असावी, असे समजून बहुतेकांनी त्याकडे पाठ फिरविली. आणि हे घटक जनुकांवर ताबा चालवितात हा बाईंचा विचार तर फारच थोड्यांनी मनावर घेतला.

अशा वेळी मनुष्य एक तर चिडतो, नाही तर काम सोडतो. बाईंनी सविस्तर निबंध नियतकालिकांत प्रसिद्ध करणे जवळजवळ थांबविले. पण मका पेरणे थांबविले नाही. दर वर्षी नव्या नोंदी होत राहिल्या व संस्थेच्या वार्षिक अहवालांतून थोडक्यात छापल्या गेल्या. मधल्या काळात मध्य व दक्षिण अमेरिकेतील मक्याच्या मूळ जाती नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या गुणसूत्रांची नोंद करण्याचे मोठे कामही त्यांनी केले. १९६७ साली त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारख्याच कामाला लागल्या.

याच सुमारास जीवाणूंवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांना तेथेही जागा बदलणारे घटक आढळले. मग ते माशीत आढळले, माणसात आढळले. मक्याच्या डीएनएचा बहुतेक भाग आणि माणसाच्या डीएनएचा जवळजवळ निम्मा भाग अशाच घटकांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा बनलेला आहे, हे आज आपल्याला माहीत आहे. आणि ही जागा बदलण्याची क्रिया मक्यात बहुधा सूत्राची नक्कल होण्याच्या वेळीच घडते, हेही दिसून आले. घटक उठून गेला, की मागे तूट राहते, आणि पेशीला ती सांधावी लागते. एका ठिगळाशेजारी नेमके उलट प्रकारचे जुळे ठिगळ पाहून, एका पेशीने जे गमावले तेच दुसरीला मिळाले असले पाहिजे, असे बाईंनी फार पूर्वी ताडले होते. त्याचा उलगडा असा झाला.

१९८३ साली एके दिवशी बाईंनी नभोवाणीवर बातमी ऐकली, की त्या वर्षीचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आपल्याला मिळाले आहे. त्यांच्या घरी दूरध्वनी नव्हता, त्यामुळे दुसरे कोणी आधी कळविणे शक्यच नव्हते. वय ८१ वर्षांचे. या विषयाचे पारितोषिक कोणाबरोबर न वाटता एकटीला मिळालेली ती पहिलीच स्त्री.

स्टॉकहोम येथील व्याख्यानात त्या केवळ जागा बदलणाऱ्या घटकांविषयीच बोलल्या नाहीत. अनपेक्षित संकट कोसळले असता पेशी काय करते, हा विषय त्यांनी निवडला, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या तुटक्या सूत्रांकडे त्या पुन्हा वळल्या. पेशीला आपल्या अंगातील बिघाड जाणवतो, ती तो शोधते व त्यावर विचारपूर्वक वाटावे असे उपाय योजते. हे तिला कळते कसे, याचा शोध पुढच्या लोकांनी घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. जीवाणूंतील एका अशाच उपायाचा उल्लेखही त्यांनी केला. उन्हातील किरणांनी जीवाणूचा डीएनए बिघडला आणि नक्कल मध्येच अडली, की तो दुरुस्तीची कितीतरी जनुके एकदम जागी करतो. संकटात सापडलेल्या जहाजाने मदतीची हाक द्यावी तसा हा प्रकार. त्याचा शोध लावणाऱ्यांपैकी एव्हलिन विट्किन या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे दहा वर्षे बाईंच्या सहवासात होत्या, आणि त्यांचे प्रयोग जवळून पाहत असत.

त्या आग्रहाप्रमाणे काम झालेही आहे. आपल्या प्रत्येक पेशीतील डीएनएला रोज हजारो लहानमोठ्या इजा होतात. काही उन्हाने व किरणांनी, तर पुष्कळशा पेशीच्याच आतील रसायनांमुळे. नक्कल उतरविता उतरविता बिघडलेली जागा आली, की काम थबकते, दुरुस्ती करणारी प्रथिने तेथे जमतात, आणि ती आटोपेपर्यंत पेशी आपले दुभंगणे लांबणीवर टाकते. धागा तुटला असेल, तर शेजारची चांगली प्रत समोर ठेवून गाळलेला मजकूर भरून काढला जातो. काहीच इलाज चालला नाही, तर पेशी स्वतःचा अंत करून घेते. हे सारे पहारे चुकविणाऱ्या पेशींतून कर्करोग उद्भवतो, आणि अशा कित्येक पेशींत, मॅक्लिंटॉकबाईंनी मक्याच्या दाण्यात पाहिलेले तूट, जोड आणि पुलाचे तेच चक्र डॉक्टरांना दिसते.

भ्रूणातील टोक बरे कसे होते, या कोड्याचे उत्तर बाईंना डोळ्यांनी पाहावयास मिळाले. १९८४ साली एलिझाबेथ ब्लॅकबर्न व त्यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर यांनी सूत्राच्या टोकाला गाठ बांधणारे द्रव्य शोधून काढले. या संशोधनास पुढे २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर बाई हयात नव्हत्या. वयाच्या नव्वदीपर्यंत त्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला राहत, प्रयोगशाळेत जात आणि येणाऱ्या तरुणांशी मक्याविषयी बोलत असत. २ सप्टेंबर १९९२ रोजी जवळच्याच हंटिंग्टन गावी त्यांचे निधन झाले. त्या प्रदेशात तो महिना कणसे पिकू लागण्याचा असतो.